ओल्या बाळंतिणीला खरं कोण सांगतं

आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला वाईट बातमी सांगत नाहीत. मूल अंगावर पीत असलं की आईच्या कानावर मरणाची गोष्ट जाऊ द्यायची नाही, धसक्याने दूध जातं, अशी समजूत. समजूत कसली, कायदाच. गेलेलं माणूस तिचा बाप असो की बहीण, मूल भाताला लागेपर्यंत सगळं घर, सगळी आळी, दारावर येणारी कोळीण आणि बांगड्या भरणारी कासारीणसुद्धा एका सुरात खोटं बोलतात. मी स्वतः बोललेली आहे. शेजारच्या एका सुनेची आई वारली होती आणि ती बिचारी विहिरीवर मला रोज विचारायची, माझ्या आईला कुठे पाहिलंस का गं. मी सांगायची, हो तर, परवाच बाजारात दिसली, टोपलीत वालाच्या शेंगा होत्या. त्या शेंगा माझ्या पदरच्या. त्या घातल्याबद्दल सासूबाईंनी माझं कौतुक केलं होतं, पोर हुशार हाय म्हणाल्या होत्या.

त्यामुळे माझ्यावर वेळ आली तेव्हा हे खोटं कसं विणतात ते मला टाक्याटाक्याने ठाऊक होतं. माझ्या सगळ्या त्रासाचं मूळ तेच.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही पनवेलला, बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे ओटी, मागे चार घरांत मिळून एक विहीर. आमचे हे भाताच्या गिरणीत इंजिनावर होते, अंगाला कायम तेलाचा आणि कोंड्याचा वास. सासरे नव्हते. सासूबाई होत्या, आणि त्या एकट्याच पुरेशा होत्या. कामाला वाघ, बोलायला मिरची. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण त्यांना कधी पचलं नाही. भात करपला की म्हणायच्या, बुकात बगून चूल पेटवली वाटतं.

माझं माहेर जासईच्या बाजूला, खाडीकाठी. बाबा मिठागरावर कामाला होते. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा माझा भाऊ अजून शर्टाच्या गुंड्या उलट्यासुलट्या लावत होता. त्याला न्हाऊ घालणं, त्याचं नाक पुसणं, त्याला रागावणं, सगळं माझ्याकडे आलं. माझ्या लग्नात तो मांडवाच्या मागे जाऊन उलट्या करत बसला होता, इतका रडला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी बाईमाणूसच नाही, म्हणून मी सासरीच राहिले आणि पनवेललाच मला मुलगी झाली. दिवस थंडीचे होते.

निरोप गेल्यावर दुसऱ्याच दिवशी भाऊ आला. आता तो चांगला बाप्या झाला होता, बाबांबरोबर मिठागरावर जात होता, ओठावर मिसरूड होतं. येताना केळीच्या पानात बांधून मुशी मासळी घेऊन आला. मुशीच्या कालवणाने बाळंतिणीला दूध येतं म्हणतात. बाळाकडे तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, नाक माझं हाय. सासूबाई म्हणाल्या, मग पोरीचं काय खरं नाय. सगळे हसले. बारशाला बाबांना घेऊन येतो असं सांगून तो भरतीची वेळ गाठायला घाईघाईने बंदरावर गेला.

बारशाला कुणीच आलं नाही. गावातला एक माणूस झबलं, कुंची आणि चांदीचे वाळे घेऊन आला, ओटीवरच टेकला, पाणीसुद्धा नको म्हणाला. बाबा का नाही आले विचारलं तर म्हणाला, उधाण हाय, बांधाला मानसं लागतात. मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. आधी मला काहीच वाटलं नाही. मग बायका पाळणा म्हणत होत्या आणि माझ्या मनात तिथी आली. त्या दिवशी अष्टमी होती. मी मिठागरावरच्या माणसाची मुलगी. उधाण अमावास्या-पुनवेच्या आगेमागे येतं, अष्टमीला खाडी निम्मीसुद्धा भरत नाही, हे मला बाराखडीच्या आधीपासून माहीत आहे. त्या माणसालाही माहीत होतं, त्याचा जन्म त्या चिखलात गेला होता. तो घाईत खोटं बोलला होता आणि त्याला ते नीट जमलं नव्हतं.

बाबा गेले, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि एकदा वाटलं ते वाटलंच.

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाबा बरा हाय तुजा, कामात हाय. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, बरे आहेत. आता तुम्हीच सांगा, बाबा खरंच बरे असते तर ह्यांनी काय सांगितलं असतं? बरे आहेत, असंच. आणि गेले असते तर? तरी बरे आहेत असंच. ओल्या बाळंतिणीला खरं कोण सांगतं? माझ्या प्रश्नाला जगात एकच उत्तर होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. मग मी उत्तरं ऐकायचं सोडून दिलं आणि तोंडं बघायला लागले.

तोंडांवर हवं तेवढं लिहिलेलं होतं. सासूबाई गोड बोलायला लागल्या होत्या. ज्या बाईने मला कधी दुसरी पोळी घे म्हटलं नाही, ती डिंकाचे लाडू हातात आणून द्यायला लागली, मी लाडू अर्धा टाकला तरी एक शब्द बोलेना. सासू गोड झाली की पोटात गोळा यावा हे शहाणपणाचंच आहे. हे गिरणीतून आले की माझ्याकडे न बघता सरळ पाळण्याकडे जायचे. मी मागच्या दारात गेले की विहिरीवरच्या बायकांचं बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उगाचच म्हणायचं, ऊन वाढलं नाय. माघात.

सुरुवातीला मला दूध इतकं होतं की चोळीतल्या कापडाच्या घड्या बदलाव्या लागत. बारसं झाल्यावर ते उतरायला लागलं. आधी मुलगी पिऊन झोपायची, आता पिता पिता मध्येच तोंड काढून ओरडायला लागली. मी तिला दुसऱ्या बाजूला घ्यायची, तिथेही तेच. ती ओढायची, ओढून दमायची, घामेजायची आणि लालबुंद होऊन किंचाळायची, आणि तिचं किंचाळणं ऐकलं की माझ्या छातीत जे काही थोडं उतरत असेल तेही जागच्या जागी थिजायचं. ते मला कळायचं. आतून कुणीतरी मूठ आवळल्यासारखं वाटायचं.

माझंही शरीर माझं राहिलं नव्हतं. घास तोंडात फिरायचा. ओटीवर पाऊल वाजलं की काळीज धडधडायला लागायचं आणि पाऊल शेजाऱ्याचं आहे हे कळल्यावरही किती तरी वेळ थांबायचं नाही. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे. सकाळी उठताना जबडा दुखायचा, कारण झोपेत मी दात आवळून धरायची. अंगात ताप नव्हता, गाठ नव्हती, कुठे काही लागलं नव्हतं, तरी मी दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि माझ्याबरोबर माझी मुलगी.

सासूबाईंनी हात टेकले नाहीत, हे कबूल करायला हवं. अळीव झाले, शतावरी झाली, बाळंतशेपा झाल्या, कोळणीला सांगून मुशी झाली. मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली, मिरच्यांचा ठसका आला तरी नाही आला तरी दृष्टच ठरली. गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने मुलीला पाजलं. ते तिला सोसेना, हिरवं व्हायला लागलं. तिच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या, टाळू खोल गेली. मी तिला आंघोळीला पायावर घ्यायची तेव्हा ती माझ्या पायांना लागायची नाही इतकी हलकी झाली होती. त्या काळात अशी मुलं हां हां म्हणता जायची. आमच्या आळीत असं घर नव्हतं ज्यात एक गेलेलं नव्हतं.

सव्वा महिना झाला, न्हाण झालं, माझ्यावरची बंधनं सुटली. मी सासूबाईंना म्हटलं, मला माहेरी न्या. त्या म्हणाल्या, पोर बरी होऊ दे. मी म्हटलं, मग बाबांना बोलवा. त्या म्हणाल्या, बोलवू. रोज बोलवू म्हणायच्या आणि रोज काहीतरी निघायचं. एकदा होडी नाही, एकदा मुकादम सोडत नाही, एकदा बाबांच्या पायाला मीठ लागलंय. बाबांचे निरोपही यायचे, पोरीला जप, खाऊन घे. मेलेल्या माणसाचे निरोप जिवंतापेक्षा वेळेवर येतात, हे मला वालाच्या शेंगांपासून माहीत होतं.

एक दिवस दुपारी सासूबाई परसात भांडी घासत असताना मी मुलीला पदरात बांधलं आणि बाहेर पडले. बंदर काही लांब नव्हतं. पण अंगात त्राण नसल्यामुळे मला मध्ये दोनदा कुणाच्या तरी ओटीला धरून थांबावं लागलं. बंदरावर कौलं उतरत होती, गाढवं, गाड्या, माणसं. मी होडीवरच्या एका तांडेलाला विचारलं, जासईच्या बाजूला कोण जातंय. त्याने माझ्याकडे पाहिलं, कोणाची तू असं विचारलं, आणि मी बाबांचं सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. त्याने हातातला दोर खाली ठेवला. म्हणाला, बाय, तू घरी जा, उन्हात नको उबी राऊ. इतकं मऊ बोलला तो, की मी तिथेच खाली बसले. मग कुणीतरी गिरणीत निरोप दिला असावा, कारण हे धावत आले. तेल लागलेल्या हातांनीच त्यांनी मुलीला घेतलं. रस्ताभर मी त्यांना एकच गोष्ट म्हणत होते, गेले असतील तर गेले म्हणून सांगा, मी सहन करीन, पण सांगा. ह्यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की ते पांढरे दिसत होते. दारात आल्यावर म्हणाले, "बाबा जिवंत आहेत. पोरीच्या गळ्याची शपथ."

मरणाच्या दारातल्या पोरीची शपथ कोण खोटी घेईल, असं एखादीला वाटलं असतं. मला वाटलं, तिच्या जिवासाठीच तर घेतली.

त्याच आठवड्यात मुलीने रडायचं सोडलं. ते रडण्यापेक्षा वाईट होतं. सासूबाई आम्हा दोघींना बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. म्हातारे, जाड चष्म्याचे, सगळ्या पनवेलला अरे-तुरे करणारे. त्यांनी मुलीला तपासलं, मग मला. नाडी धरून बराच वेळ बसले. मला काय होतं ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं, अष्टमीचं उधाणसुद्धा. मग ते सासूबाईंना म्हणाले, "हिच्या छातीत काही दोष नाही. घाबरलेली गाय पान्हा चोरते तसं झालंय. ती मुद्दाम चोरत नाही, तिच्या हातात नाही ते. हिच्या बापाला आणून हिच्यासमोर बसवा, नाहीतर ही पोर हाताला लागत नाही."

इतकं साधं औषध. एक माणूस उचलून आणायचा, तोही खाडीपलीकडून. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि साडीच्या काठाशी चाळा करायला लागल्या. त्या बाईला मी मान खाली घालताना पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि आत डॉक्टरांशी बोलत राहिल्या. मी बाकावर मुलीच्या अंगावरची माशी वारत बसले. आता मला संशयसुद्धा उरला नव्हता. मी मनातल्या मनात बाबांना नमस्कार केला आणि पुढचा विचार करायला लागले, की ही पोर गेली तर मी काय करायचं. विहीर मागच्या दारातच होती.

दोन दिवसांनी सकाळी ओटीवर पाऊल वाजलं आणि बाबा आत आले.

डोक्याला नेहमीपेक्षा मोठा फेटा, कानांवरून खाली आलेला. आणि हनुवटीपासून नाकापर्यंत पांढरं बँडेज, जबड्याभोवती दोन-तीन वेढे देऊन गच्च बांधलेलं. लवंगेच्या तेलाचा वास घरभर सुटला. मधले फक्त डोळे दिसत होते, तांबारलेले, सुजलेले. मी जागची हलले नाही. मला वाटलं, कुणाला तरी सोंग देऊन आणलंय. मग ते खाली बसले आणि मी त्यांचे हात पाहिले. मिठाने फाटलेले, भेगांत पांढरं बसलेले, उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. ते हात मी आंधळी असते तरी ओळखले असते.

"मीच हाय," ते पट्टीतून म्हणाले. "दाढ हाय पोरी. दुसरं काय नाय."

दाढ. इतके दिवस दाढ दुखत होती, तोंड सुजलं होतं, तुझ्यासमोर असं कसं यायचं म्हणून आलो नाही, असं ह्यांनी सांगितलं. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी त्यांच्या पायांवर पडायला हवं होतं, मी भांडायला लागले. एका दाढेपायी माझी पोर मरायला टेकली, एक निरोप धड देता येत नाही, अष्टमीला उधाण कुठलं आणलंत, तुमच्या त्या माणसाला तिथीसुद्धा कळत नाही का. आई गेल्यापासून मी त्यांना अशीच रागवायची. ते ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, बँडेज भिजत होतं. मी थांबले. त्यांनी हाताने खूण केली, कळ येते म्हणून. सासूबाई पटकन म्हणाल्या, दाढेची कळ वाईट, बाळंतपणाच्या वर.

त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं. तिच्या नाकावरून बोट फिरवलं आणि त्यांना पुन्हा कळ आली. मी विचारलं, हिचा मामा का नाही आला? हे म्हणाले, त्याला भाईंदरच्या मिठागरावर काम मिळालंय, मुकादमाने नेलाय, पगार बरा आहे. मी म्हटलं, भेटून जायचं तरी. बाबा मुलीकडे बघत होते. त्यांनी पेज मागितली आणि दाढेमुळे चमत्कारिक तोंड होतं म्हणून ओटीवर भिंतीकडे तोंड करून प्यायली.

ते गेल्यावर मी मुलीला घेतलं. काही ठरवलं नव्हतं, सवयीने घेतलं. तिने तोंड लावलं, ती ओढायचीसुद्धा विसरली होती. आणि एकदम माझ्या छातीतून खांद्यापर्यंत कळ गेली, मुंग्यांसारखी, आणि पान्हा फुटला. दुसऱ्या बाजूची चोळी भिजून थेंब तिच्या पायावर पडायला लागले. तिला ठसका लागला. मी हसत होते. कित्येक आठवड्यांनी मला भूक लागली आणि मी सासूबाईंना सांगितलं, मला भाकरी द्या, मुशीचं उरलेलं कालवण द्या, लाडू द्या. त्यांनी तिन्ही एका ताटात वाढलं.

मुलगी सावरली. टाळू भरली, मांड्या भरल्या, हाताला वळ्या आल्या. माझेही केस गळायचे थांबले. डॉक्टरांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी तिच्या गालाला चिमटा काढला, माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मला ते तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. मी सुखात होते. भावावर तेवढी माझी धार होती. भाईंदर म्हणजे काय विलायत आहे? एकदा येऊन जाता येत नाही? पण मुलीला पहिला भात मामाच्या मांडीवर भरवायचा असतो. उष्टावणाला त्याला यावंच लागणार होतं आणि तेव्हा त्याचा कान कसा पिळायचा ते मी ठरवून ठेवलं होतं. मी त्याच्यासाठी टोपी शिवली. मुलीचं नाक त्याच्यावरच गेलं होतं, हेही त्याला सांगायचं होतं, म्हणजे चढून बसला असता.

पाऊस लागला. मिठागरं बंद झाली, सगळी माणसं घरोघर परतली. मी म्हटलं, आता तर तो आला असेल. सासूबाई पागोळ्यांखाली हंडा लावायला उठल्या. पाचव्या महिन्यात उष्टावणाचा दिवस धरला. आदल्या दिवशी मी तांदूळ निवडत होते, सासूबाई समोर येऊन बसल्या. माझ्या हातातलं सूप त्यांनी काढून बाजूला ठेवलं.

"उद्या मामा येनार नाय," त्या म्हणाल्या. "तो नाय राहिला. माघातच गेला, बारशाच्या आदी. बांधावर घोणस डसली, पनवेलला आनेपर्यंत पन नाय टिकला."

मी काय विचारलं ते मला चांगलं आठवतं, कारण ते इतकं वेडगळ होतं. मी विचारलं, "आणि बाबांची दाढ?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न न झालेल्या मुलाचं सगळं बाबांनाच करावं लागलं होतं. डोकं आणि मिशी उतरवली होती. बिनमिशीचा बाप समोर आला असता तर मला एका नजरेत कळलं असतं की आमच्यात कुणीतरी गेलंय, आणि आमच्यात होतं कोण. म्हणून मिशी पहिल्यासारखी वाढेपर्यंत त्यांना आणायचं नाही असं ठरलं. डोकं फेट्याखाली झाकता येतं, ओठ कशाने झाकणार. म्हणजे मी ज्या दिवसांत बाबांना मेलेले समजून वाळत होते, त्या दिवसांत सगळे मिळून त्यांच्या मिशीची वाट बघत बसले होते. आणि मिशी पुरती यायच्या आधी पोर जायची वेळ आली तेव्हा बँडेजची युक्ती डॉक्टरांनी काढली. स्वतःच्या दवाखान्यात त्यांनीच ते बांधलं, लवंगेचं तेलही त्यांनीच लावलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. त्या दिवसानंतर बाबांची ती दाढ खरोखर दुखायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दाढ लोखंडासारखी आहे. तरी दुखायची. शेवटी हट्टाने काढून घेतली, आणि मग ती होती तिथली मोकळी जागा दुखायला लागली. बाबा गेले तोवर दुखत होती. मुलाच्या नावाने ते कुणासमोर कधी रडले नाहीत. तेवढं त्या दाढेच्या नावाने रडून घ्यायचे.

त्या दुपारी सासूबाईंनी पाणी तापवलं. इतक्या उशिरा मरण कळलं की सुतक उरत नाही, ऐकलं की डोक्यावरून आंघोळ करायची आणि सुटायचं, असं शास्त्र. ज्याला मी न्हाऊ घातलं, ज्याचं नाक पुसलं, त्याचं सुतक म्हणून माझ्या वाट्याला एक आंघोळ आली. मी तांब्यावर तांब्या ओतत राहिले. पाणी संपलं तेव्हा बाहेर आले आणि ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसले. मग मला रडू फुटलं.

तेवढ्यात मुलगी उठली. तिला मामा, मरण, शास्त्र काही माहीत नव्हतं, तिला भूक लागली होती. मी तिला घेतलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, मुलीच्या गळ्याकडे बघत होत्या. उद्या ती भाताला लागणार होती, तरी त्यांचा हात चौकटीला घट्ट धरलेला होता. मुलीने तोंड लावलं, दोनदा ओढलं, आणि घुटके ऐकू यायला लागले. दूध नेहमीसारखं उतरलं होतं. मी हुंदके देत होते, माझं सगळं अंग हलत होतं, आणि ती त्या हलत्या अंगाला चिकटून घटाघटा पीत होती.

सासूबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे सांगितलं असतं तरी चाललं असतं?"

मला माहीत नव्हतं. मी मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं.